काशीच्या जुन्या शहरात कमी खर्चात राहताना: घाटालगत की स्टेशनाजवळ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे पाच जणांचे कुटुंब नोव्हेंबरमध्ये चार रात्री काशीला राहणार आहे. वडील ७२ वर्षांचे, आई ६८ वर्षांची आणि गुडघेदुखीने त्रस्त, सोबत पती-पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी. एका खोलीमागे दिवसाला दोन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. घाटाजवळच्या गल्ल्यांमधले एखादे साधे हॉटेल घ्यावे, की तिथल्या गर्दीत आणि पायऱ्यांमध्ये अडकण्यापेक्षा कॅन्ट स्टेशनाच्या, म्हणजे वाराणसी जंक्शनच्या बाजूला, जिथे त्याच पैशात लिफ्ट आणि मोठी खोली मिळते, तिथे राहावे, असे त्यांनी विचारले आहे. अनेक वर्षे छोट्या गटांच्या काशीयात्रेची राहण्याची व्यवस्था करण्याचे काम मी करतो, त्या आधारावर उत्तर देतो: राहायचे जुन्या शहरातच, परंतु जुन्या शहराच्या कोणत्या भागात आणि कोणत्या मजल्यावर, हे खोलीचे फोटो पाहण्याच्या आधी ठरवायचे.

स्टेशनाजवळ राहू नये असे मी म्हणतो त्याचे कारण अंतर नाही. कॅन्टपासून घाट आणि विश्वनाथ मंदिराजवळचा गोदौलिया चौक चार-पाच किलोमीटरच आहे. कारण असे, की काशीतला दिवस दोन तुकड्यांत जगावा लागतो. पहाटेचे स्नान, नौकेतून घाट पाहणे आणि सकाळचे दर्शन हा एक तुकडा, आणि सूर्यास्तानंतरची गंगा आरती हा दुसरा. मधल्या पाच-सहा तासांत वयस्कर माणसाला पाठ टेकायला स्वतःचा पलंग हवा असतो. स्टेशनाजवळच्या खोलीत दुपारी परत जायचे म्हणजे गर्दीतून जाऊन-येऊन दीड तास मोडतो. मग बहुतेक कुटुंबे परत जातच नाहीत, आई-वडील एखाद्या देवळाच्या ओट्यावर दुपार काढतात आणि आरतीच्या वेळेपर्यंत इतके थकतात की दुसऱ्या दिवशी कुठेही जाण्यास तयार होत नाहीत. शिवाय वाहन आपल्याला देवळाच्या दारापर्यंत सोडणारच नाही. गोदौलिया ते मैदागिन या मार्गावर वाहनांना निर्बंध असतात आणि गर्दीच्या दिवशी पोलिसांचे अडथळे आणखी अलीकडे सरकतात, त्यामुळे शेवटचे अंतर पायी जाणे स्टेशनाजवळ राहणाऱ्यालाही चुकत नाही.

आता जुन्या शहराचा भूगोल. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे आणि शहर तिच्या पश्चिम काठावर वसले आहे, म्हणून घाटावरच्या प्रत्येक घराचे तोंड पूर्वेला आणि पहाटेचे ऊन थेट खिडकीत. दक्षिणेला अस्सी घाटापासून उत्तरेला राजघाटापर्यंत ही घाटांची रांग सहा-सात किलोमीटरची आहे आणि दशाश्वमेध घाट व विश्वनाथ मंदिर साधारण मध्यावर येतात. राहण्याच्या दृष्टीने या रांगेचे तीन वेगळे भाग पडतात आणि तिन्ही भागांत खोलीचा दर सारखा असला तरी राहण्याचा अनुभव सारखा नसतो.

मधला भाग, म्हणजे दशाश्वमेध आणि विश्वनाथ मंदिराच्या भोवतालच्या गल्ल्या, सर्वांनाच हवा असतो. मंगला आरतीसाठी मध्यरात्र उलटल्यावर निघायचे असेल किंवा दिवसातून दोनदा दर्शन घ्यायचे असेल, तर याला पर्याय नाही. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तेव्हा तो खोलीवरच ठेवून निघता येणे हीसुद्धा लहान सोय नव्हे. मात्र इथली गर्दी पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत हटत नाही, ध्वनिक्षेपक थांबत नाहीत, आणि दोन हजारांत जी खोली मिळते ती बहुधा आतल्या बोळातली, दुसऱ्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून असलेली असते. त्याच पैशात गोदौलियाच्या मागे गिरजाघर चौक किंवा लक्सा रस्त्यावर गेलात तर नदी दिसणार नाही, पण लिफ्ट असलेली नवी इमारत मिळू शकते आणि बहुतेक दिवशी रिक्षा दाराशी येते. ज्यांना घाटापेक्षा दर्शन महत्त्वाचे वाटते अशा वयस्कर प्रवाशांना मी हाच भाग सुचवतो.

या मधल्या भागाविषयी एक गोष्ट बारकाईने सांगितली पाहिजे, कारण इंटरनेटवरची माहिती इथे सर्वांत जास्त फसवते. १७८० मध्ये अहल्याबाई होळकरांनी बांधलेल्या सध्याच्या विश्वनाथ मंदिराभोवती घरांची दाट वस्ती होती. मंदिर ते ललिता घाट असा मोकळा परिसर तयार करण्यासाठी त्यातली शेकडो घरे शासनाने विकत घेऊन पाडली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी हा नवा परिसर खुला झाला. पाडलेल्या घरांबरोबर खाली दुकान आणि वर चार खोल्या अशा प्रकारची कितीतरी छोटी निवासस्थाने गेली, काही गल्ल्या अर्ध्यात तुटल्या, आणि घाटाकडे जाण्याच्या वाटा बदलल्या. म्हणून या भागातल्या हॉटेलविषयी त्या तारखेच्या आधी लिहिलेला कोणताही अभिप्राय रस्ता, अंतर आणि गर्दी यांच्याबाबतीत बाद समजावा. खोली तीच असेल, पण तिच्यापर्यंतची वाट ती नाही.

उत्तरेचा भाग मराठी माणसाला नावांमुळेच ओळखीचा वाटतो. शिंद्यांचा सिंधिया घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, पुढे राम घाट, पंचगंगा, दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. दुर्गा घाट-ब्रह्मा घाट परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पेशवाईच्या काळापासून आहे आणि पितृकार्यासाठी किंवा अस्थिविसर्जनासाठी येणाऱ्या लोकांची सोय तिथले गुरुजी आपल्या घरी किंवा ओळखीच्या यात्री निवासात करून देतात. कार्यासाठी येत असाल तर अशीच व्यवस्था घ्यावी. खोलीत पलंग, पंखा आणि बादलीभर गरम पाणी याखेरीज फारसे काही नसले तरी सोवळ्याओवळ्याचा स्वयंपाक, विधीचे साहित्य आणि आपली भाषा हे सारे एका छताखाली मिळते, आणि ते कोणत्याही हॉटेलला जमणार नाही. परंतु केवळ दर्शनासाठी आणि शहर पाहण्यासाठी आलेल्या गुडघेदुखीच्या रुग्णाला मी इकडे पाठवणार नाही. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या अतिशय उभ्या आहेत, गल्ल्या रस्त्यापासून खोल आत आहेत, आणि इथून मधल्या भागाकडे यायचे म्हणजे मणिकर्णिका या दहनघाटाच्या बाजूने यावे लागते. तिथल्या गल्ल्यांतून दिवसरात्र अंत्ययात्रा जात असतात. मोठ्या माणसांना त्याचे काही वाटत नाही, उलट कित्येकांना तेच काशीचे खरे दर्शन वाटते, पण दहा वर्षांच्या मुलीला ते दिवसातून चार वेळा पाहावे लागावे की नाही, हे पालकांनी आधी ठरवावे.

दक्षिणेचा भाग, दशाश्वमेधपासून अस्सीपर्यंतचा, मी या कुटुंबासाठी निवडेन, आणि त्याचे कारण नकाशात दडलेले आहे. गोदौलियाहून मदनपुरा, सोनारपुरा, शिवाला, भदैनी असा एक रहदारीचा रस्ता नदीला जवळजवळ समांतर अस्सीपर्यंत जातो आणि तो घाटांपासून काहीशे मीटरच दूर आहे. त्यामुळे या भागातले कोणतेही हॉटेल रस्त्यापासून फार आत असू शकत नाही. ई-रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडते, तिथून पाच-सात मिनिटांत खोली. यातली बंगाली टोल्याची लांबलचक गल्ली कमी खर्चाच्या लॉजसाठी फार जुनी प्रसिद्ध आहे आणि एकट्यादुकट्या तरुण प्रवाशाला तिच्याइतकी स्वस्त व जिवंत जागा मिळणार नाही, पण दोन माणसे जेमतेम शेजारून चालतील अशा त्या वाटेत मोटारसायकल, सांड आणि शेणाचा पो हे तिन्ही एकदम समोर येतात, तेव्हा आईंचा हात धरून बाजूला व्हायला जागा नसते. म्हणून आणखी दक्षिणेला, हनुमान घाट-शिवाला ते अस्सी या पट्ट्यात शोधावे. अस्सीला गल्ल्या रुंद आहेत, गाडी घाटाच्या बरीच जवळ जाते आणि घाट स्वतः मोकळा आहे. पहाटेचा ‘सुबह-ए-बनारस’ हा आरती, संगीत आणि योगाचा कार्यक्रम तिथेच होतो. विश्वनाथाला जाण्यासाठी ई-रिक्षाने गोदौलियापर्यंत जावे, किंवा सकाळी नौकेने दशाश्वमेधला उतरावे, म्हणजे घाटदर्शनही त्याच फेरीत होते. दर्शनाला जाताना मोबाइल खोलीवर ठेवणार असाल तर, चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ती जागा निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. या पट्ट्यात एकच सावधगिरी बाळगायची. केदार घाट आणि हनुमान घाट यांच्यामध्ये हरिश्चंद्र घाट आहे आणि तिथेही दहनकर्म चालते. ‘गंगा दर्शन’ असे नाव असलेल्या खोलीच्या खिडकीतून गंगेबरोबर काय दिसते आणि धूर कोणत्या बाजूला जातो, हे स्पष्टपणे विचारावे.

भाग ठरला की मग इमारत. घाटाजवळची बहुतेक साधी हॉटेले ही मुळात राहती घरे आहेत. जाड दगडी भिंती, मध्ये चौक, त्याभोवती तीन-चार मजले, आणि जागा वाचवण्यासाठी भिंतीच्या कडेने चढवलेला जिना. या जिन्याची कल्पना फोटोवरून येत नाही. पायरी गुडघ्याच्या अर्ध्यावर येईल इतकी उंच, पाऊल ठेवण्याची जागा इतकी अरुंद की उतरताना पाय आडवा करून टेकवावा लागतो. वळणावर एकच मंद दिवा, कठडा नाही, त्याऐवजी भिंतीतल्या लोखंडी कड्यांमधून ओवलेला जाड दोर, आणि तो इतक्या हातांनी ओढलेला की मधोमध गुळगुळीत काळा झालेला. घाटाकडे उघडणारी सुंदर गच्ची अशा चार जिन्यांच्या वर असते, आणि हॉटेलवाला फोटो गच्चीचा टाकतो, जिन्याचा टाकत नाही. आईंसाठी पहिल्या मजल्यावरची खोली घ्यावी, नदी दिसो वा न दिसो. घरातल्या तरुण मंडळींनी नदी पाहायला गच्चीवर जावे.

तळमजला मात्र नोव्हेंबरमध्ये टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. जुलै ते सप्टेंबरमध्ये गंगेला पूर येतो तेव्हा घाट बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही आणि आरती पायऱ्या सोडून वर, कधी गच्चीवर हलवावी लागते. वाराणसीची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. ज्या वर्षी धोक्याची पातळी ओलांडली जाते त्या वर्षी काठावरच्या सखल गल्ल्यांत आणि घरांत पाणी शिरते. पूर ओसरल्यावर घाटांवरचा गाळ पंपाने धुऊन काढण्याचे काम दिवाळीच्या सुमारास चालू असते. घाट स्वच्छ होतात, पण दगडी भिंतीत मुरलेली ओल इतक्या लवकर जात नाही. वरून नवा रंग दिलेला असतो. खोलीत शिरल्यावर पलंगाच्या डोक्याकडची आणि कपाटाच्या मागची भिंत तळहाताने चाचपून पाहावी, गादी एका कोपऱ्यात उचलून वास घ्यावा, आणि थंडगार दमट लागले तर तिथल्या तिथे दुसरी खोली मागावी. वडिलांना दम्याचा किंवा संधिवाताचा त्रास असेल तर यात भीड ठेवू नये.

स्नानगृहाचेही असेच आहे. जुन्या घरात ते नंतर, मिळेल त्या कोपऱ्यात बसवलेले असते. खोलीपेक्षा एक पायरी उंच, लादी ओली, खिडकी नाही. कमोड आहे का, नळाला गरम पाणी येते की सकाळी बादलीने मिळते, आणि दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो की स्नानगृहातला दिवाही, हे विचारून घ्यावे. खिडक्यांना आणि गच्चीला जाळ्या असतात त्या माकडांसाठी. त्या हव्यातच, नाहीतर वाळत घातलेला कपडा आणि टेबलावरचा चष्मा दोन्ही जातात. पण त्याच जाळ्यांमुळे खिडकीतून बाहेर पडता येत नाही आणि जिना बहुधा एकच असतो. म्हणून जिन्याखाली गॅसचे सिलिंडर ठेवून स्वयंपाक चाललेला दिसला, किंवा रात्री मुख्य दाराला आतून कुलूप लावून किल्ली एकाच मुलाच्या खिशात राहते असे कळले, तर मी माझ्या गटाला तिथे ठेवत नाही, मग दर कितीही कमी असो.

हे सगळे नाशिकमध्ये बसून कसे कळणार, असा रास्त प्रश्न येईल. त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा, की दोन-तीन हॉटेले निवडल्यावर तिथे फोन करून, जिथे ई-रिक्षा थांबते त्या जागेपासून आपल्या खोलीच्या पलंगापर्यंतचा एक सलग, न तोडलेला व्हिडिओ मागावा. गल्ली, उंबरठा, जिना, स्नानगृह सारे दोन-तीन मिनिटांत दिसते. ज्याच्याकडे दाखवण्यासारखे आहे तो संध्याकाळपर्यंत पाठवतो, आणि जो ‘आप आइए तो सही, सब हो जाएगा’ असे म्हणतो त्याच्याकडे जाऊ नये. लिफ्ट आहे असे सांगितल्यास ती रस्त्याच्या पातळीपासून आहे की दहा पायऱ्या चढल्यावर, हेही विचारावे. जाहिरातीतले ‘मंदिरापासून ५०० मीटर’ हे बहुधा नकाशावरचे सरळ रेषेतले अंतर असते. काशीच्या गल्लीत सरळ रेष नसते.

दराबाबत पहिली गोष्ट म्हणजे पंचांग उघडून कार्तिकी पौर्णिमा पाहा. त्या रात्री देवदिवाळी असते, सगळे घाट पणत्यांनी उजळतात, आणि आदल्या-नंतरच्या दिवसांत घाटाकडच्या खोलीचा दर नेहमीच्या कितीतरी पट होतो. आपल्या चार रात्रींत ती येत असेल तर एक तर महिनेन्‌महिने आधी पूर्ण रक्कम भरून पावती घ्यावी, किंवा पौर्णिमेनंतर आठवडाभराने जावे. दोन हजारांत त्या रात्री खोली देतो म्हणणाऱ्याने ऐनवेळी ती दुसऱ्याला जास्त दराने दिल्याच्या घटना आमच्या व्यवसायात ऐकायला मिळतात. एरवी दोन हजार हा ठीक आकडा आहे. त्यात कर धरला आहे का ते पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. कोणी अजून जुन्या दराने आकारणी करत असेल तर कर क्रमांक छापलेले बिल मागावे. पाच जणांसाठी दोन खोल्या घेण्यापेक्षा चार पलंगांची एक मोठी खोली आणि वर एक गादी स्वस्त पडते, पण वडील पहाटे तीनला उठणार आणि मुलगी सातपर्यंत झोपणार असेल तर दोन खोल्याच घ्याव्यात.

धर्मशाळा आणि आश्रमांच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि खोटे फोन क्रमांक टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार तीर्थक्षेत्रांच्या बाबतीत वाढले आहेत. सर्चमध्ये सर्वांत वर दिसणारा क्रमांक खरा असेलच असे नाही. पैसे भरताना खाते संस्थेच्या नावाचे आहे की कुणा व्यक्तीच्या, एवढे तरी पाहावे, आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत हवे. कुटुंबात कुणी परदेशी पारपत्रधारक असेल, आणि अमेरिकेहून आलेला भाऊ किंवा सून अशा यात्रेत अनेकदा असते, तर हॉटेलला त्यांची नोंद सरकारकडे चोवीस तासांच्या आत करावी लागते. लहान लॉज ती कटकट नको म्हणून खोलीच नाकारतात, तेव्हा हे आधीच सांगून होकार घ्यावा.

पोहोचण्याच्या दिवसाविषयी. नाशिक रोडहून महानगरी किंवा कामायनी एक्सप्रेसने आलात तर वाराणसी जंक्शनला, म्हणजे स्थानिक बोलीत ‘कैंट’ला उतराल. रिक्षावाल्याला हॉटेलचे नाव सांगण्यापेक्षा जवळच्या चौकाचे नाव सांगावे: शिवाला, सोनारपुरा, अस्सी. नाव ऐकले की ‘ते बंद झाले’, ‘तिकडे रस्ता खोदला आहे’ अशी उत्तरे येऊ शकतात, कारण दुसरीकडे नेल्यास त्याला कमिशन मिळते. चौकात हॉटेलचा माणूस सामान घ्यायला येईल असे आधी ठरवून त्याचा क्रमांक जवळ ठेवावा, आणि चाकांच्या मोठ्या बॅगांऐवजी खांद्याला अडकवता येतील अशा पिशव्या आणाव्यात, कारण दगडी फरसबंदीवर आणि पायऱ्यांवर चाके निरुपयोगी ठरतात. गाडी पहाटे पोहोचत असेल तर खोली किती वाजता मिळेल आणि त्यासाठी अर्ध्या दिवसाचे वेगळे पैसे पडतील का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. खोलीचा दिवस मोजण्याच्या ‘चोवीस तास’ आणि ‘दुपारी बारा’ या दोन्ही पद्धती तिथे चालतात.

परतीच्या तिकिटावर मात्र स्टेशनाचे नाव नीट वाचा. पूर्वीचे मंडुआडीह आता ‘बनारस’ झाले आहे, ‘वाराणसी सिटी’ हे तिसरेच स्टेशन आहे, आणि पूर्वीचे मुगलसराय, म्हणजे पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन, नदीपलीकडे सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. अस्सीहून कॅन्टसाठी गाडीच्या वेळेआधी दीड तास आणि दीनदयाल उपाध्यायसाठी अडीच तास हाताशी ठेवून निघावे. संध्याकाळची गाडी असेल तर आरतीच्या गर्दीमुळे गोदौलियाचा रस्ता टाळून लंका-भेलूपुराच्या बाजूने जाण्यास रिक्षावाल्याला बसतानाच सांगावे.